केअर ऑफ छप्पन ए.पी.ओ.

मधुकर भोईटेनं गवत कापायचं मशीन तिसऱ्यांदा उघडलं. मशीनमध्ये बिघाड नव्हता. पहिल्यांदा उघडलं तेव्हाही नव्हता. कार्ब्युरेटर स्वच्छ, पात्याला धार, तेल पंधरा दिवसांपूर्वी बदललेलं. पण जानेवारीतला शनिवार होता, वर्कशॉप बंद होतं आणि हात रिकामे होते. रिकामे हात मधुकरला सोसत नसत.

गेल्या दोन महिन्यांत त्यानं घरातले सगळे नळ आवळले होते. दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं होतं, कुंपणाच्या सैल फळ्या ठोकल्या होत्या. ऑकलंडजवळच्या पापाकुरातलं हे घर भाड्याचं. मालक तपासणीला आला, सगळीकडे फिरला आणि म्हणाला, असा भाडेकरू पुन्हा मिळायचा नाही. मधुकर नुसता हसला.

गॅरेजच्या फळीवर, पान्ह्यांच्या डब्याखाली, एक कागद घडी घालून ठेवला होता. इमिग्रेशनचं पत्र. उत्तराची मुदत तीस जानेवारी. मधुकरला ते पाठ झालं होतं, तरी दिवसातून एकदा तो डबा उचलायचा, कागद बघायचा आणि डबा परत ठेवायचा.

अडलं होतं ते अस्मिताचं. अस्मिता त्याची एकुलती एक मुलगी. पंधराव्या वर्षी आईबापांबरोबर न्यूझीलंडला आली आणि तीन वर्षं इथल्या शाळेत शिकली. बाप कामाच्या व्हिसावर होता, म्हणून शाळेपुरतं तिला इथल्या मुलांसारखं धरलं. विद्यापीठ तसं धरत नाही. ऑकलंडला तिला सिव्हिल इंजिनिअरिंगला जागा मिळाली होती, पण फी परदेशी विद्यार्थ्याची, इथल्या फीच्या पाचपट तरी. दोन मार्चला वर्ग सुरू होणार. त्या दिवसापर्यंत रेसिडेन्सी, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात आली तर इथली फी. नाही आली तर जागा सोडायची. परदेशी फी भरायची कशी, यावर घरात बोलणं झालंच नाही. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

रेसिडेन्सीचा अर्ज गेल्या मार्चमध्येच घातलेला. ट्रक-बसचा डिझेल मेकॅनिक या देशाला हवा असतो. दोन वर्षं काम करा आणि अर्ज करा, असा रस्ता होता. मधुकरची दोन वर्षं भरली आणि पुढच्या आठवड्यात त्याचा अर्ज गेला. त्याच्याबरोबर अर्ज घातलेल्यांचे निकाल सहा-सात महिन्यांत लागले. त्याचा लागेना, कारण तो फौजी होता.

कोरेगाव तालुक्यातलं त्याचं गाव. एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला, तो ई.एम.ई.मध्ये. म्हणजे फौजेच्या गाड्या, इंजिनं दुरुस्त करणारी शाखा. नोकरी सतरा वर्षं. बंदूक चालवली ती वर्षातून एकदा चांदमारीला, बाकी सतरा वर्षं पान्हा. हवालदार होऊन निवृत्त झाला. डिस्चार्ज बुकात चारित्र्याच्या रकान्यात ‘अनुकरणीय’ असा शेरा. त्यानंतर पुण्यात ट्रकच्या वर्कशॉपमध्ये बारा वर्षं, आणि तिथून थेट इथं.

इथल्या वर्कशॉपचा फोरमन हेमी. माओरी, अंगानं दणकट, बोलायला मऊ. पहिल्या आठवड्यात त्यानं मधुकरला एका ट्रकची चाकं बसवायला दिली. मधुकरनं नट आवळले, टॉर्क रेंच लावून तपासले, गाडी पन्नास किलोमीटर फिरवून आणायला लावली आणि सगळे नट पुन्हा तपासले. मग कामाच्या शीटवर सही केली. मागचा एक्सल दुसऱ्या पोरानं केला होता. तिथंही सही करून टाक, असं कुणीतरी म्हणालं. मधुकरनं केली नाही. सही म्हणजे मी हात लावला, एवढाच त्याचा अर्थ. हात न लावता सही कशी करायची? तो परत खाली गेला, मागचे दहाच्या दहा नट स्वतः तपासले, आणि मग सही केली. त्या दिवसापासून हेमी त्याची शीटं उलटून बघत नाही.

हेमीनं एकदा चहाच्या सुट्टीत विचारलं होतं, फौजेत कुठं कुठं होतास? मधुकर म्हणाला, इकडं तिकडं. हेमी हसला. त्याचा बाप व्हिएतनामला जाऊन आलेला, तोही मरेपर्यंत एवढंच सांगत होता. त्यानंच मधुकरला माजी सैनिकांच्या क्लबात नेलं आणि फळ्यावरची एक जाहिरात दाखवली, माजी सैनिकांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत. मधुकरनं खालच्या अटी वाचल्या. सेवा या देशाच्या फौजेत झालेली असावी. मूल या देशाचं रहिवासी असावं. त्यानं हेमीचे आभार मानले आणि दोघं परत कामाला लागले.

मधुकरच्या बायकोचा, वासंतीचा, भाऊ संग्राम साताऱ्याहून फोन करायचा. त्याचं म्हणणं एकच होतं, पोरीला इकडं आणा. माजी सैनिकाची पाल्य आहे, तिला राखीव जागा आहे, फीत सवलत आहे, उगाच तिकडं कुणाच्या दारात उभे राहता? तो नुसता बोलून थांबला नाही. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स घेऊन तो सैनिकांच्या कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनानं बुक बघितलं आणि मान डोलावली. मग विचारलं, मुलगी दहावी कुठून? न्यूझीलंड. बारावी? न्यूझीलंड. महाराष्ट्रात शेवटची कधी राहिली? मग तो म्हणाला, बघावं लागेल.

त्या ‘बघावं लागेल’चा अर्थ मधुकरला माहीत होता. तिकडं बाप नियमात बसत होता, मुलगी बसत नव्हती. इकडं मुलगी बसायला तयार होती आणि अडकला होता बाप.

फौजेत होतो असं अर्जात लिहिलं की इथं एक जादा फॉर्म येतो. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठं होतात, हुद्दा काय, काम काय. मधुकरनं तो एका बैठकीत भरला. मोठ्या अक्षरांत, एकही खाडाखोड नाही. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं: छप्पन ए.पी.ओ. त्याखाली पुन्हा छप्पन ए.पी.ओ. मग एकदा नव्याण्णव ए.पी.ओ. आणि पुन्हा शेवटपर्यंत छप्पन.

फौजीच्या घरच्यांना हे समजावून सांगायला नको. ए.पी.ओ. म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस. सीमेकडच्या युनिटचं ठिकाण पत्रावर लिहीत नाहीत. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि खाली ‘केअर ऑफ ५६ ए.पी.ओ.’ युनिट पूर्वेकडं असेल तर ९९. पत्र बरोबर जागी जातं. ती जागा कुठली, ते पाठवणाऱ्याला कळत नाही.

इमिग्रेशनच्या साहेबालाही कळलं नाही. नोव्हेंबरात त्याचं पहिलं पत्र आलं. ते वाचायला मधुकरनं नितीशला बोलावलं. नितीश पुढच्या गल्लीत राहायचा. मूळचा नाशिकचा, इथं शिकायला आला आणि राहिला, आता शहरात एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. तो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आणि वाचता वाचता हसायला लागला.

“काका, हे म्हणतायत तुम्ही सतरा वर्षं दोनच घरांत काढलीत. आधी छप्पन नंबर, मधे नव्याण्णव नंबरात शिफ्ट झालात, करमलं नाही म्हणून परत छप्पनला. गल्लीचं नाव तेवढं द्या म्हणतात.”

वासंतीलाही हसू आलं. अस्मिता म्हणाली, “पप्पा, सिरियसली? तुम्ही हे लिहिलंत?”

“तेच लिहायचं असतं,” मधुकर म्हणाला.

“आणि हे किर्की कुठे आलं?” नितीशनं पुढं वाचलं. “तुमच्या ट्रेनिंगच्या सर्टिफिकेटवर आहे. फेब्रुवारी ते मे २००४, किर्की. आणि फॉर्ममध्ये त्याच महिन्यांत छप्पन ए.पी.ओ. दोन्ही कसं, असं विचारलंय. काश्मीरमध्ये आहे का?”

वासंती ओट्याशी पोळ्या लाटत होती. मधुकरनं एकदा तिच्या पाठीकडे बघितलं.

“तिकडंच,” तो म्हणाला. “वर.”

किर्की म्हणजे खडकी. पुण्यातली खडकी. इंग्रजांनी तिचं स्पेलिंग तसं केलं आणि फौजेनं ते आजतागायत मोडलं नाही. नितीश नाशिकचा असूनही त्याच्या ध्यानात आलं नाही. वासंतीच्या तर येणारच नव्हतं. ती मराठीत शिकलेली. तिच्या लेखी किर्की नावाचं गाव कुठंतरी बर्फात होतं, आणि एवढी वर्षं बर्फात गेलेल्या नवऱ्याला त्याबद्दल काय विचारायचं?

नितीश म्हणाला, ठिकाणांची यादी करू, अर्ध्या तासाचं काम आहे. मधुकरनं यादी केली नाही. युनिटचं ठिकाण सांगायचं नसतं, असं त्यानं ठणकावलं. त्याच्या बरोबरच्या एकानं घरच्या पत्रात पुलाचं नाव लिहिलं होतं, त्याला सात दिवस कोठडी झाली होती, ही गोष्टही सांगितली. गोष्ट खरी होती. मग त्यानं एका ओळीचं उत्तर लिहायला लावलं: सर्व नेमणुका आदेशानुसार, ठिकाण सांगता येत नाही. नितीश म्हणाला, काका, हे चालणार नाही. मधुकर म्हणाला, पाठव.

मग ख्रिसमसची सुट्टी लागली. दोन-अडीच आठवडे या देशात काही हलत नाही. माणसं टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून समुद्रावर जातात आणि फोन वाजत राहतात. रस्त्याकडेचे पोहुतुकावाचे वृक्ष लाल फुलांनी भरले आणि झडलेही. मधुकर रोज संध्याकाळी चालत स्टेशनपर्यंत जायचा, गाडी येताना बघायचा आणि परत यायचा. वाटेतल्या डेअरीवाल्या, म्हणजे किराणा दुकानवाल्या, गुजराती माणसाला वाटलं, याला कुणाला तरी घ्यायला यायचं असतं.

नऊ जानेवारीला दुसरं पत्र आलं. पहिल्यापेक्षा आखूड. उत्तर अपुरं आहे. तीस तारखेपर्यंत सर्व ठिकाणं आणि किर्कीचा खुलासा आला नाही तर आहे त्या कागदांवर निर्णय होईल. तो निर्णय काय असेल, ते नितीशनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. जाताना त्यानं एक सुचवलं. किर्कीचं तेवढं, काका, म्हणा शिक्का चुकीचा पडला. क्लार्कची चूक. होतं असं.

वासंती मात्र त्या दिवसापासून गप्प बसेना. तिचा समज असा, की नवरा फौजेच्या गुपितासाठी अडून बसलाय. भाजी फोडणीला टाकताना, कपडे वाळत घालताना, तिचं चालूच. आता कुठलं युद्ध चाललंय? कोण येणार आहे तुमच्या वर्कशॉपवर बॉम्ब टाकायला? पोरीचं वर्ष जाईल, मग सांगत बसा कुणाला सांगायचंय ते.

“माझं लग्न छप्पन ए.पी.ओ.शी लागलं,” ती एकदा अस्मिताला म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं. “हे नुसते अंतरपाटाच्या पलीकडं उभे होते.”

तिचं खोटं नव्हतं. गावात फोन आला तेव्हापासून तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, कुठे आहात? त्याचं उत्तरही ठरलेलं, आहे इथंच. फौज सुटली तरी ते उत्तर सुटलं नाही. पुण्यात कामावरून यायला उशीर झाला तरी ‘आहे इथंच’. इथं पापाकुरात, दोन गल्ल्या पलीकडून बोलतानाही.

२००४ सालात मधुकरचं युनिट राजौरीकडं होतं. फेब्रुवारीत त्याला चार महिन्यांसाठी खडकीला पाठवलं, इंजिन ओव्हरहॉलचं ट्रेनिंग घ्यायला. पास झाला तर बढती, नापास झाला किंवा मधे सोडलं तर पुन्हा नाव लागेल याची खात्री नाही. घरी त्यानं कळवलं नाही. खडकीत आहे म्हटलं असतं तर दर रविवारी कुणीतरी डबा घेऊन आलं असतं, गावाला बोलावणं आलं असतं, आणि तो रात्रंदिवस इंजिनं खोलून जोडत होता. चार महिने तर आहेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. वासंतीची पत्रं छप्पन ए.पी.ओ.वरून फिरून त्याला खडकीत मिळायची.

मे महिन्यात निरोप आला. वासंतीचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. ती गावी, सासू-सासऱ्यांजवळ. निरोप त्याच्या हातात पडला तेव्हा चार दिवस उलटून गेले होते आणि परीक्षा नऊ दिवसांवर होती. मधुकरनं रजेचा अर्ज केला नाही. त्यानं पत्र लिहिलं: रजा मंजूर होत नाही, धीर धर, जिवाला जप. ते खडकीच्या पेटीत टाकलं असतं तर शिक्का खडकीचा पडला असता. म्हणून त्यानं ते दुसऱ्या पाकिटात घालून राजौरीच्या दोस्ताकडं पाठवलं आणि दोस्तानं तिथून टाकलं. वासंतीला ते अकरा दिवसांनी मिळालं.

परीक्षेत तो पहिला आला. त्या सर्टिफिकेटवर हवालदारी मिळाली, पुण्यातली नोकरी मिळाली आणि इथला व्हिसाही मिळाला.

या एकवीस वर्षांत ते कुणालाच कळलं नव्हतं, आणि आता कागदावर ‘किर्की’ या एका शब्दाची उकल करायची होती. नाही केली तर पोरीचं वर्ष. शिक्का चुकला म्हणावं, तर त्या फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती, वरील माहिती खरी आहे. तिच्याखाली सही करायची होती. एकदा त्यानं ती केलीच होती. ती सही त्याला रात्री झोपू देत नव्हती आणि दिवसा बसू देत नव्हती.

चोवीस जानेवारीच्या त्या शनिवारी त्यानं मशीन तिसऱ्यांदा जोडलं. दोरी ओढली. पहिल्या झटक्याला चालू झालं. बंद करून तो हात पुसायला वळला, तेव्हा फडक्यावर एक वॉशर दिसला.

मधुकर त्याच्याकडे बघत राहिला. नोकरीची सतरा वर्षं, पुण्याची बारा, इथली तीन. जोडलेल्या कामातून त्याच्या हातात कधी काही उरलं नव्हतं. मशीन चालत होतं. महिनाभर चाललं असतं, कदाचित वर्षभरही. त्यानं ते परत खोललं, वॉशर जागेवर बसवला, बोल्ट आवळला. मग डबा उचलून खालचा कागद घेतला आणि घरात गेला.

वासंती टेबलाशी मेथी निवडत होती. मागच्या अंगणात तिनं वाफा केला होता, त्यातली. अस्मिता समोर फोन बघत बसली होती.

“लॅपटॉप आण,” तो तिला म्हणाला. “मी सांगतो ते लिही.”

वासंतीनं मान वर केली आणि देवाला दिसलं एकदाचं, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटली.

मधुकरला ठिकाणं तारखांनी आठवत नव्हती, गाड्यांनी आठवत होती. सिकंदराबाद, तिथं पहिलं इंजिन उघडलं. पठाणकोट, जुन्या शक्तिमान गाड्या, क्लचप्लेटी जळायच्या. मग द्रासच्या रस्त्यावर दीड वर्ष. तिथं डिझेल गोठायचं, टाकीखाली स्टोव्ह धरावा लागे. एका दिवसात अकरा ट्रक रस्त्यावरून ओढून काढले होते. तो उभ्यानंच सांगत होता, खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत. अस्मिता टाइप करत होती. मधेच थांबून म्हणाली, पप्पा, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही. कुणी विचारलं नाही, असं तो म्हणू शकत नव्हता.

“२००१ ऑक्टोबर. तेजपूर. आसाम,” तो म्हणाला.

वासंतीनं हिशेब केला. “म्हणजे आपल्या पहिल्या दिवाळीला तुम्ही आसामात होतात?”

“हो.”

“मी स्वेटर विणून पाठवला. मला वाटलं, बर्फात आहात.”

“घातला होता मी.”

“आसामात?”

“एकदा. फोटोपुरता.”

अस्मिता खळखळून हसली. वासंतीही हसली आणि मेथीची नवी जुडी पुढं ओढली. मधुकर खिडकीपाशी जाऊन थांबला.

“पुढं राजौरी. २००३ जूनपासून,” तो म्हणाला. “मग फेब्रुवारी ते मे २००४. खडकी.”

“स्पेलिंग?”

“के, आय, आर, के, डबल ई.”

“ते तर किर्की ना?”

“फौजेच्या कागदावर किर्की. गाव खडकीच. पुण्यातली.”

वासंतीचे हात थांबले. अस्मितानं आईकडे बघितलं, मग बापाकडे. आपल्या आधी एक मूल होतं, एवढं तिला माहीत होतं. साल तिला माहीत नव्हतं, पण आईचा चेहरा पुरेसा होता.

“मे महिन्यात,” वासंती म्हणाली.

“हो.”

“पुण्यात.”

“हो.”

तिनं हातातली काडी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, “एस.टी.नं किती तास?”

“साडेतीन. कोरेगावात गाडी बदलायची. चार धर.”

“तुम्ही लिहिलं होतं, रजा मंजूर होत नाही.”

“मी मागितली नव्हती,” मधुकर म्हणाला. “परीक्षा होती. पत्र राजौरीहून टाकायला लावलं.”

हे सांगून तो उभा राहिला. आणखी काही जोडलं नाही. जोडण्यासारखं जे होतं ते सगळं सबबीसारखं वाटलं असतं, आणि सबबी ऐकायची त्याला स्वतःलाही सवय नव्हती.

अस्मितानं कीबोर्डवरून हात काढले. “पप्पा, हे घालायलाच पाहिजे का? नितीशदादा म्हणाला तसं...”

उत्तर वासंतीनं दिलं. “लिही. आहे ते लिही. खाली त्यांची सही जाणार आहे.”

ती उठली, निवडलेली मेथी धुतली आणि भाजी केली. चौथ्या दिवशी, मुदतीच्या आधी, उत्तर गेलं. दोन पानं, सोळा ओळी, प्रत्येक ओळीत गाव आणि महिना. खाली मधुकरची सही.

पुढचा महिनाभर वासंती कामापुरतं बोलली. टोमणे थांबले, आणि मधुकरला ते होते तेव्हा बरं वाटत होतं असं आता कळलं. त्याचं मशीन उघडणंही थांबलं. तो फक्त चालायचा, स्टेशनपर्यंत, कधी त्याच्याही पुढं. इंजिनिअरिंगच्या वर्गाचं वेळापत्रक अस्मितानं फ्रिजवर लावलं होतं. मग काढलं. मग परत लावलं. एका रविवारी कपड्यांच्या घड्या करता करता वासंती आपणहून म्हणाली, “भारतात गेलो की खडकीहून गावाला एस.टी.नं जायचं. साध्या गाडीनं. मला ते चार तास बसून बघायचेत.”

“जाऊ,” मधुकर म्हणाला. त्याहून जास्त बोलायचं धाडस त्याला झालं नाही.

सव्वीस फेब्रुवारीला, गुरुवारी, तो एका ट्रकखाली होता तेव्हा फोन वाजला. अस्मिता होती. एवढंच म्हणाली, “पप्पा, आलं.” तिला पुढं बोलता येत नव्हतं. मधुकर खालीच पडून राहिला. मग उरलेले चार बोल्ट आवळले, तपासले, बाहेर येऊन शीटवर सही केली आणि हेमीला सांगितलं. हेमीनं त्याला असं उचललं की पाय जमिनीवरून सुटले.

घरी वासंतीनं शिरा केला होता. ताटली पुढं ठेवत ती म्हणाली, “सोमवारी तिच्याबरोबर शहरात जा. पहिला दिवस आहे.”

“सोमवारी दोन गाड्यांच्या ब्रेकचं काम आहे.”

वासंती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “रजा मागा.”

दुसऱ्या दिवशी त्यानं मागितली. हेमी आधी समजलाच नाही. तीन वर्षांत या माणसानं स्वतःहून एक दिवस मागितला नव्हता, ख्रिसमसला वर्कशॉप बंद असतं ती सुट्टी सोडली तर. तुझ्या नावावर ढीगभर रजा आहे, आठवडा घे, असं तो म्हणाला. मधुकर म्हणाला, एक पुरे.

सोमवारी दोघं पापाकुराहून गाडीत बसले. अस्मिता खिडकीशी, कानात गाणी. मधुकर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, प्रत्येक स्टेशन वाचत. सीटची एक पट्टी सैल होती, ती तो अंगठ्यानं दाबत राहिला. शेवटच्या स्टेशनवर उतरल्यावर अस्मिता म्हणाली, इथपर्यंत बास, पुढं मी जाते. तिनं त्याला घाईघाईनं मिठी मारली आणि सरकत्या जिन्यावरून वर गेली. दिसेनाशी होईपर्यंत तो बघत होता. मग काय करावं ते त्याला कळेना. रजेच्या दिवशी माणसं काय करतात?

त्यानं फोन काढला आणि घरी लावला.

“पोचली?” वासंतीनं विचारलं.

“पोचली. आत्ता वर गेली.”

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, “तुम्ही कुठे आहात?”

‘आहे इथंच’ ओठांवर आलंच होतं. मधुकरनं मान वर करून पाटी बघितली.

“स्टेशनात,” तो म्हणाला. “जमिनीखाली आहे हे. प्लॅटफॉर्म नंबर दोन. माझ्यासमोर सरकता जिना आहे, डाव्या हाताला कॉफीचं दुकान. दुकानापुढं एक म्हातारी बसलीय, तिच्याजवळ कुत्रा आहे.”

“कसला कुत्रा?”

“बारका. पांढरा. एक कान काळा.”

“गाडीला किती वेळ लागला?”

“पंचावन्न मिनिटं.”

“बरं,” वासंती म्हणाली. फोन तिनं ठेवला नाही.

मधुकरनं पुढच्या गाडीचा बोर्ड वाचला. “नऊ बावन्नची आहे,” तो म्हणाला. “दहा सत्तेचाळीसला पापाकुरा. तिथून चालत बारा मिनिटं.”